तिन्ही सारख्याच

दुकानदाराने तोफेएवढी लेन्स दोन्ही हातांनी उचलली, कॅमेऱ्याला लावून खटकन फिरवली आणि ते सगळं धूड स्कोपच्या मागच्या भिंगावर आणून टेकवलं. ट्रायपॉडचा एक पाय लगेच कण्हल्यासारखा वाजला.

"नाकापेक्षा मोती जड होतोय, साहेब," तो म्हणाला. "पण तुमचा आग्रहच आहे, तर बघून घ्या."

नाना वाकले. त्यांचा स्कोप, म्हणजे ट्रायपॉडवर उभी करायची ती एकनळी दुर्बीण, दुकानाच्या दारातच मांडली होती. तिचं तोंड रस्त्यापलीकडच्या इमारतीच्या गच्चीकडे होतं. तिथल्या पाण्याच्या टाकीवर एक घार बसली होती. दुपार कलली की ती रोज तिथे येते, असं दुकानदाराने आल्याआल्या सांगितलं होतं. गिऱ्हाइकांना लेन्स दाखवायला त्याला ती बिनपगारी मिळाली होती. आज आभाळ राखाडी होतं, उजेडात काही जीव नव्हता, आणि घारही मान आत ओढून, कोणावर तरी रुसल्यासारखी बसली होती.

थोरली मागे कॅमेऱ्याची रिकामी बॅग धरून उभी राहिली. नानांच्या दोन मुलींतली ही मोठी. घरात तिला नावाने हाक कोणी मारलीच नाही. लग्न झालं, स्वतःची मुलगी शाळेत जायला लागली, तरी ती थोरलीच राहिली. धाकटी दूर देशात, फोनवर रडायची. ही जवळ राहणारी, म्हणून रडणं बाजूला ठेवून कामं करायची.

आजचं कामही तिनेच काढलं होतं. आई जाऊन वर्ष होत आलं होतं. नाना आणि आई मिळून शहराबाहेरच्या तळ्यावर पक्षी बघायला जात, ते आता नाना एकटे जायचे, आणि गेल्या पावली परत यायचे. काय दिसलं, असं विचारलं की उत्तर ठरलेलं. "पक्षी येत नाहीत आता." तळं तेच, पाणी तेच, झाडं तीच. पण दुःखात असलेल्या माणसाशी वाद घालू नये, एवढं थोरलीला कळत होतं. स्कोपला कॅमेरा जोडून फोटो काढता येतात, हे तिने कुठेतरी ऐकलं आणि नवऱ्याचा जुना कॅमेरा मागून घेतला. त्याच्या पाठीवरचा पडदा केव्हाच गेला होता, छोट्या खिडकीला डोळा लावूनच बघावं लागे, पण बाकी तो धडधाकट होता. घरी येताना हातात काहीतरी असलं की माणूस पुन्हा जातो, असं तिचं साधं गणित होतं. लेन्स कोणती घ्यायची तेवढं तिला कळत नव्हतं.

एक गोष्ट मात्र आपोआप मार्गी लागली होती. रोज सकाळी नाना गाडी घेऊन यायचे आणि छोटीला, म्हणजे थोरलीच्या मुलीला, शाळेत सोडायचे. त्या एका कामासाठी ते वेळेवर उठत, दाढी करत, इस्त्रीचा शर्ट घालत. गाडीत आजोबा-नातीचा एक खेळ चाले. रस्त्यावर आडवंतिडवं जे काही येईल ते छोटीने आधी ओरडून सांगायचं. सायकल, कुत्रं, हातगाडी, रस्ता ओलांडणारी म्हातारी. चांगलं सांगितलं की पेपरमिंटची गोळी. शाळा येईपर्यंत छोटीचा घसा बसलेला आणि गाल फुगलेला असे. आजीवर गेलीय, असं सगळे कौतुकाने म्हणत, कारण गाडीत बसलं की आजीच्याही तोंडाचा पट्टा थांबत नसे.

"दिसतंय?" दुकानदाराने विचारलं.

"दिसतंय म्हणजे? डोळा दिसतोय तिचा. चोचीला काहीतरी सुकलेलं चिकटलंय, तेसुद्धा दिसतंय."

"आणि कडेला काळं?"

"कुठे काळं? अख्खं चित्र आहे."

दुकानदार हसला. मोठी लेन्सच न्यायची असं ठरवून आलेल्या गिऱ्हाइकाला तिच्यात खोट दिसत नाही, हे त्याला धंद्याने शिकवलं होतं. तसा तो उदास चेहऱ्याचा माणूस होता, आणि हसला की जास्तच उदास दिसायचा.

"साहेब, पाखरू मोठं करायचं काम स्कोपने आधीच केलंय. आता कॅमेऱ्याने त्या भोकातून नुसतं डोकवायचं. खिडकीला नाक लावून उभं राहिलं की बाहेरचा अख्खा रस्ता दिसतो, बरोबर? तेच खोलीच्या मागच्या भिंतीला टेकून बघा. एवढीशी खिडकी दिसते आणि बाकी सगळी भिंत. ह्या तोफेचा डोळा आत खोल आहे, मागच्या भिंतीला. म्हणून मधे नाण्याएवढं चित्र आणि भोवती काळोख."

"काळोख नाहीये," नाना म्हणाले. "सबंध नोकरी मी दुर्बिणीला डोळा लावून केली. काळोख मला कळतो."

ते खरं होतं. नाना जमीनमोजणीच्या खात्यात होते. लांब माळावर कोणीतरी पट्टी धरून उभा राही आणि नाना इकडून भोकात डोळा घालून तिच्यावरची बारीकात बारीक रेघ वाचत. अजूनही चष्मा लावून ते सुईत दोरा पहिल्या फटक्यात ओवत. आपल्या नजरेचा त्यांना गर्व होता, आणि घरात कोणी त्याला कधी आव्हान दिलं नव्हतं.

"मी बघू?" थोरली म्हणाली.

तिने डोळा लावला. काळ्याकुट्ट अंधारात मधोमध एक लहानसा गोल, आणि त्यात घार. बाकी काही नाही. घार स्पष्ट होती, चोचीवरचं सुकलेलंही होतं, पण भोवतीचा अंधार एवढा होता की तिने डोळा काढून पुन्हा लावला.

"नाना, काहीतरी हललंय. मला मधेच थोडंसं दिसतंय."

"डोळा नीट लाव. जवळ घे."

तिने जवळ घेतला. अंधार तेवढाच राहिला.

दुकानदाराने दुसरी लेन्स लावली, मध्यम चणीची, कॅमेऱ्याबरोबर फुकट येते तसली. नानांनी पाहिलं आणि म्हणाले, "हीसुद्धा तशीच." थोरलीने पाहिलं. अंधार बराच मागे सरकला होता, पण चारही कोपरे खाल्लेले होते. मग त्याने काचेच्या कपाटातून तिसरी काढली. ती लेन्स म्हणजे एक चपटी चकती होती, कोटाच्या मोठ्या बटणाएवढी. तो तिला बटणच म्हणत होता.

"हिला कोणी विचारत नाही," तो म्हणाला. "दिसायला काही नाही ना. पण स्कोपच्या मागे हीच बसते. खिडकीला नाक लावून."

नाना वाकले, क्षणभर पाहिलं आणि कंबरेवर हात देऊन सरळ झाले.

"तिन्ही सारख्याच आहेत. नुसती नावं वेगळी न् किमती वेगळ्या. गिऱ्हाईक बनवायचे धंदे."

थोरलीला संकोचल्यासारखं झालं. दुकानदाराला बरं वाटावं म्हणून ती घाईने पुढे झाली आणि तिने बटणातून पाहिलं.

चित्र कडेपासून कडेपर्यंत भरलेलं होतं. घार होतीच, पण टाकीचा फुगीर कठडा होता, त्यावर सुकलेले पांढरे ओघळ होते, डावीकडे गंजलेली लोखंडी शिडी होती, उजवीकडे तारेवर अडकलेली पतंगाची चिंधी होती आणि वर आभाळाचा मोठा राखाडी तुकडा होता. अंधार कुठेच नव्हता. पहिल्या लेन्सशी हिची काही म्हणता काही तुलना नव्हती. दुसरी इयत्तेतल्या पोरानेही फरक सांगितला असता.

ती तशीच वाकून राहिली. चित्र बघून झालं होतं, पण तोंड वर करून नानांकडे बघावंसं वाटेना.

दुकानदार चिडला नव्हता. तो आता हसतही नव्हता. त्याने हलक्या आवाजात विचारलं, "साहेब, टाकीच्या डाव्या अंगाला एक शिडी आहे. दिसते का चित्रात?"

नाना पुन्हा वाकले. मग त्यांचा हात सवयीने स्कोपच्या दांडीवर गेला आणि त्यांनी स्कोप डावीकडे वळवायला सुरुवात केली. अगदी सावकाश, मोजणीच्या माणसाच्या हाताने, शिडी बरोबर मधोमध येईपर्यंत.

"ही काय," ते म्हणाले. "ही की शिडी."

दुकानदाराने थोरलीकडे पाहिलं. तेवढ्यात टाकीवरची घार उठली. रस्ता ओलांडून ती दुकानाच्या बाजूलाच आली आणि छपराच्या वर, हात उंचावला तर लागेल असं वाटावं इतकी खाली उतरून गिरक्या घ्यायला लागली. पलीकडचा पानवाला मान वर करून बघत होता. नाना दाराबाहेर आले. टाकीच्या वर, सरळ समोर, आभाळाचा तेवढाच तुकडा ते बराच वेळ न्याहाळत राहिले.

"गेली," ते म्हणाले. "थांबतच नाहीत आता."

घार त्यांच्या डोक्यावरूनच गेली.

थोरलीच्या मनात एकामागून एक गोष्टी येऊ लागल्या आणि प्रत्येक गोष्ट आपापल्या जागी जाऊन बसू लागली. दाराच्या चौकटीला सारखा घासणारा नानांचा खांदा. जेवताना कोपराने सांडलेला पाण्याचा पेला. गाडीच्या दाराला पडलेला लांबलचक ओरखडा, ज्याबद्दल नाना म्हणाले होते की खांब मधेच आला. ह्या सगळ्याला तिने दुःख म्हटलं होतं. बायको गेली की माणूस धडपडतो, सांडतो, असं. आणि तळ्यावरचा आईचा आवाज. डावीकडे बघा. दगडावर. अजून थोडं डावीकडे. हां, तिथेच. त्या बडबडीने पक्षी उडून जातील म्हणून दोघी बहिणी आईला किती हसायच्या. नाना हसायचे नाहीत. ते स्कोप वळवायचे.

दुकानदार बटण खोक्यात घालत होता. नाना बाहेर स्कोपचे पाय मिटत होते.

"तिन्ही सारख्या नाहीत, ताई," तो खालच्या आवाजात म्हणाला.

"कळलं मला."

"न्या ही. पैशांची काही घाई नाही. आधी डोळे दाखवून घ्या त्यांचे."

गाडी मागच्या गल्लीत उभी होती. नाना स्कोप खांद्यावर टाकून पुढे चालले आणि थोरली त्यांच्या बाजूने, अर्धं पाऊल मागे. ते तिरके चालत नव्हते, चाचपडत नव्हते. सरळ, ताठ चालत होते, आणि समोरून येणारी माणसंच बाजूला होत होती. म्हाताऱ्या माणसाला लोक वाट देतात, ह्याचा किती फायदा होत असेल, असं तिच्या मनात आलं.

"मी चालवते ना," ती गाडीपाशी म्हणाली.

"का? मला काय झालंय?"

घरात, ऑफिसात, शेजाऱ्यांशी ती चांगली तोंडाळ होती, पण नानांसमोर तिच्या वयाची कितीतरी वर्षं गळून पडत. ती मुकाट्याने शेजारच्या सीटवर बसली, जिथे आई बसायची.

गाडी गल्लीतून बाहेर पडली. गाडी चालवताना सल्ला दिलेला नानांना खपत नसे. जावयाने एकदा नुसतं 'जपून' म्हटलं होतं, तर त्यांनी गाडी थांबवून, जावईबापू, तुम्ही चालतच या, असं शांतपणे सुचवलं होतं. हे थोरलीला ठाऊक होतं. तरी चौकात बाजूच्या रस्त्याने एक सायकलवाला येताना दिसला आणि तिच्या तोंडून निघून गेलं.

"डावीकडून सायकल."

नाना रागावले नाहीत. त्यांनी मान वळवली नाही, 'दिसतंय मला' म्हटलं नाही. पाय अलगद ब्रेकवर गेला, सायकल पुढून निघून गेली, आणि ती समोर आल्यावर नानांची नजर क्षणभर तिच्याबरोबर सरकली. गाडी पुन्हा चालू लागली.

"उजवीकडे दार उघडतोय एक जण."

गाडी जरा अंग चोरून गेली.

"हातगाडी. ह्या बाजूला. हां, गेली."

त्यांचं आता छान जमलं होतं. सांगितलं की नाना सुरेख गाडी चालवत, धक्का नाही, घाई नाही. लहानपणी मागच्या सीटवर अर्धवट झोपेत ऐकलेला आवाज थोरलीला आता स्वतःच्याच घशातून ऐकू येत होता. तीच लय, तेच 'हां, गेली'. एवढं सोपं होतं ते की तिला क्षणभर बरंही वाटलं. आईची जागा रिकामी होती, ती आपण भरली. चालेल असंच, असंही तिच्या मनात येऊन गेलं.

मग गाडी एका खड्ड्यात आपटली आणि समोरच्या खणात पत्र्याची डबी खुळखुळली. पेपरमिंटच्या गोळ्यांची डबी.

थोरलीची नजर त्या खणावर थांबली. आई जाऊन वर्ष होत आलं होतं, आणि नाना आजही गाडी चालवत होते. मग वर्षभर त्यांना कोण सांगत होतं?

"नाना, गाडी बाजूला घ्या."

"इथे?"

"इथेच."

त्यांनी वेग कमी केला. मग हळूच, जणू काही विशेष नाही अशा आवाजात विचारलं, "कडेला मोकळं आहे?"

"थांबा. स्कूटर जाऊ दे. हां. घ्या आता."

गाडी एका बंद शटरसमोर थांबली. नानांनी इंजिन बंद केलं, पण दोन्ही हात स्टिअरिंगवरच राहिले. काचेवर धुळीचा पातळ थर होता आणि वायपरने त्यात दोन अर्धगोल कोरले होते.

"आईला माहीत होतं," थोरली म्हणाली.

"तिनेच तर ओळखलं. मला कुठे कळत होतं? दिसत नाही ते दिसत नाहीये, हे माणसाला कसं दिसणार?" नाना समोर बघत बोलत होते. "तुमचा तो दुकानदार सारखा काळं काळं म्हणत होता. मला काळं दिसत नाही गं. मला सगळं भरलेलंच दिसतं. जे नसतं, ते नसतंच."

"डॉक्टरला दाखवलं होतं?"

"हो. आम्ही दोघं गेलो होतो. काचबिंदू आहे. गेलेलं परत यायचं नाही म्हणाले, राहिलंय ते राखा. रोज रात्री झोपताना थेंब घालायची ती."

थोरलीने डोळे मिटले. आईच्या फ्रिजच्या दारात, लिंबांच्या शेजारी, निळ्या टोपणाची एक इवलीशी बाटली असायची. आई गेल्यावर घर आवरायला तीच बसली होती. आईच्या गोळ्या, आईची मलमं, आईचं सगळं तिने एका पिशवीत भरलं होतं आणि पिशवीची गाठ मारताना ती पहिल्यांदा आणि शेवटची रडली होती.

"ती बाटली मी टाकली, नाना. मला वाटलं, आईची."

"माहीत आहे."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर कोणाची ते सांगावं लागलं असतं." नानांनी स्टिअरिंगवरचा एक हात काढून मांडीवर ठेवला. "आणि ते सांगितलं असतं, तर सकाळी गाडी घेऊन येऊ दिलं असतंस मला?"

बाहेरून एक कुटुंब चाललं होतं. बापाच्या खांद्यावर झोपलेलं पोर होतं. थोरलीला राग आला होता, आणि आपल्याच हातांनी ती बाटली फेकली हेही विसरता येत नव्हतं. कुठला राग आधी करावा ते तिला कळेना.

"नाना," ती शेवटी म्हणाली, "ती सहा वर्षांची आहे."

नानांनी स्टिअरिंगवरचा दुसरा हातही काढून घेतला.

"तिला खेळ वाटतो तो. एखाद्या दिवशी ती झोपली असती मागे. रुसून बसली असती. एखाद्या दिवशी तिला गोळी नको असती."

"ती चुकत नाही," नाना म्हणाले. "फार तयार आहे पोरगी. तुझ्या आईपेक्षा लांबचं बघते. अजून एकदाही चुकली नाही."

हे ते अभिमानाने म्हणाले. आपल्या हाताखालच्या चांगल्या माणसाबद्दल साहेब सांगतो, तसं. मग आपण काय म्हणालो ते त्यांच्या कानांवर पडलं असावं. त्यांचा खालचा ओठ आत गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. थोरलीने नानांना आईच्या वेळीही असं पाहिलं नव्हतं. तेव्हा ते सगळ्यांसाठी चहा सांगत, खुर्च्या मोजत हिंडत होते.

त्यांनी किल्ली काढली. दार उघडण्याआधी विचारलं, "येतंय का कोणी?"

"नाही."

ते उतरले. बॉनेटवर पालथा तळवा ठेवून, तो न उचलता, गाडीला पुढून वळसा घालून ते तिच्या बाजूला आले. येताना ओरखडा लागला तिथे तळवा थांबला आणि बोटांनी तो एकदा चाचपून पाहिला. मग दार उघडून त्यांनी किल्ली तिच्या हातात ठेवली. ती सरकून उतरली, ते बसले. सीटचा पट्टा त्यांना सापडेना, तो तिने ओढून लावून दिला. लहानपणी ते तिच्या दप्तराचा बंद लावून देत, ते तिला आठवलं, आणि आठवायला नको होतं असं वाटलं.

"उद्या सकाळी तिला काय सांगायचं?" नानांनी विचारलं.

"माहीत नाही."

"गाडी बिघडली म्हण."

"उद्या म्हणेन. परवा काय म्हणू?"

तिने सीट पुढे ओढली, आरसे आपल्याकडे वळवले. दोन्ही बाजूंचे आरसे आभाळाकडे वळलेले होते. ते कधीपासून तसे होते कोण जाणे. बघणारं कोणी नव्हतं.

संध्याकाळ उतरली होती आणि रस्त्यावर गर्दी वाढत होती. थोरली गाडी चालवत होती. डावीकडून सायकली आल्या, उजवीकडून माणसं उतरली, एक कुत्रं अंग झटकत मधून गेलं. ती काही सांगत नव्हती, कारण सांगायचं आता कारण नव्हतं. नानांच्या मांडीवर लेन्सचं खोकं होतं. त्यांनी ते उघडून बटण बाहेर काढलं, बोटांनी त्याची कड फिरवून पाहिली आणि परत नीट आत ठेवलं.

"हीच चांगली होती का?" त्यांनी विचारलं.

"हो. हिच्यात सगळं दिसतं."

"काय काय होतं?"

"टाकी होती. शिडी. तारेवर एक पतंग अडकला होता."

"पतंग होता?" नाना म्हणाले, आणि त्यांनी खोक्याचं झाकण लावलं.

मोठ्या चौकाचा सिग्नल लांबून दिसत होता, रस्त्याच्या टोकाला, सरळ समोर, मधोमध. थोरलीने तो कधीच पाहिला होता आणि तिचा पाय ब्रेककडे निघालाही होता.

"लाल," नाना म्हणाले.

तिने गाडी थांबवली. समोरचा खण उघडला, पत्र्याची डबी काढली, आणि एक पेपरमिंटची गोळी काढून त्यांच्या तळहातावर ठेवली. नानांनी ती तोंडात टाकली नाही. मूठ मिटून घेतली आणि मूठ गुडघ्यावर ठेवून ते समोर बघत राहिले. थोरलीही समोर बघत राहिली.

सिग्नल हिरवा झाला. मागच्या गाड्या हॉर्न वाजवायला लागेपर्यंत तो दोघांनाही दिसला नाही.